वातकुक्कुटाची कैफियत

वारा ज्या दिशेने येईल तिकडे तोंड करून उभे राहणे हाच ज्याचा धर्म, त्यालाच आपण वाऱ्याबरोबर फिरणारा म्हणून हिणवतो. सकाळी घेतलेली भूमिका संध्याकाळी टाकून देणाऱ्या राजकारणी पुरुषाला त्याची उपमा देतो. आणि ती उपमा देताना एकदाही मान वर करून त्या पत्र्याच्या पक्ष्याकडे आपण पाहिलेले नसते. वातकुक्कुटावर झालेला हा अन्याय आता इतका जुना व सर्वमान्य झाला आहे की, त्याविरुद्ध कोणी फिर्याद गुदरावी अशी अपेक्षा राहिलेली नाही, आणि फिर्यादी स्वतः मुका असल्यामुळे त्याच्याकडून ती येण्याचाही संभव नाही. म्हणून वाऱ्याची दिशा ओळखण्याच्या साधनांचा परिचय करून देणाऱ्या या लहानशा पुस्तकाच्या आरंभी त्याची कैफियत मांडण्याचे काम मी पत्करले आहे. ती जरा लांबली तर वाचकांनी दोष वकिलाला द्यावा, अशिलाला देऊ नये, एवढीच विनंती.

‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ ही आपली व्यवहारी म्हण. माळरानावर वळवाच्या पावसात सापडलेला वाटसरू तेच करतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे कोणी म्हणणार नाही. डोळ्यांत धूळ घेण्यापेक्षा पाठीवर पाऊस घेणे केव्हाही शहाणपणाचे. परंतु या म्हणीच्या कसोटीस वातकुक्कुटाला लावून पाहिले तर विचित्र निकाल हाती येतो. वारा कितीही वेळा बदलो, हा प्राणी प्रत्येक वेळी त्याला सामोरा जातो; शेपूट वाऱ्याच्या स्वाधीन करून चोच वाऱ्यात खुपसतो. पाठ देणे हे माणसाचे चातुर्य आहे. कोंबड्याने वाऱ्याला पाठ दिल्याचे उदाहरण, त्याचा खिळा गंजला नसेल तर, सापडणार नाही. एवढा एक मुद्दा ध्यानात आला म्हणजे त्याच्यावरील आरोप उलट कोणावर फिरतो, हे मी सांगण्याचे कारण उरत नाही.

हा मुद्दा मला स्वतःला कळला तो भोपाळात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे गेला, आणि सचिवालयातील दप्तरांच्या गठ्ठ्यांबरोबर अनेक मराठी कारकुनांची बिऱ्हाडेही या नबाबी शहरात येऊन पडली. त्यांपैकी एक आमचे. वडिलांच्या एका स्नेह्यांची नेमणूक बैरागढच्या वेधशाळेत होती. ते एके दिवशी मला तेथे घेऊन गेले. इंग्रजी चित्रांच्या पुस्तकात पाहिलेला तुरेवाला कोंबडा आता प्रत्यक्ष दिसणार या उत्कंठेने मी गेलो, तो खांबावर एक लोखंडी बाण आणि त्याच्या मागे जोडलेले दोन पत्रे, एवढेच दिसले. खट्टू होऊन मी विचारले, ‘म्हणजे वारा तिकडे चालला आहे ना, बाणाच्या बाजूला?’ ते म्हणाले, ‘वारा कुठे चालला हे आम्ही लिहीत नसतो, बाळ. तो कुठून आला, तेवढे लिहितो.’ त्या वेळी हे उत्तर मला सरकारी अडेलतट्टूपणाचा नमुना वाटले होते. त्यात एका शहराच्या जीवनमरणाचा विवेक सामावलेला आहे हे कळण्यास अठ्ठावीस वर्षे आणि एक काळरात्र जावी लागली.

त्या रात्रीकडे मी यथाक्रम येईनच. तत्पूर्वी या यंत्राची रचना सांगणे अगत्याचे आहे, कारण तिच्या साधेपणातच तिची खुबी आहे. एका उभ्या खिळ्यावर मोकळेपणी फिरणारा आडवा दांडा, त्याच्या एका टोकास बाण किंवा चोच, दुसऱ्या टोकास रुंद पत्रा, आणि खाली न फिरणाऱ्या, चार दिशा दाखवणाऱ्या दांड्या: एवढ्यात सगळे यंत्र संपते. यातील मर्म असे की, खिळ्याच्या दोन्ही बाजूंस वजन सारखे असावे, पण पृष्ठभाग सारखा नसावा. वजन सारखे नसेल तर दांडा एका अंगास कलतो आणि खिळ्याशी घर्षण वाढते. पृष्ठभाग सारखा असेल तर वारा दोन्ही अंगांस सारखाच रेटतो आणि त्या बिचाऱ्यास कोणाचे ऐकावे हे समजत नाही. म्हणून पुढील टोक आकाराने लहान पण जड, आणि मागील टोक रुंद पण हलके करतात. वारा रुंद शेपटीस ढकलीत ढकलीत आपल्या वाटेच्या पार मागे नेतो, आणि शेपूट मागे गेली की चोच आपोआप पुढे येते. दांडा वाऱ्याशी समांतर झाला म्हणजे त्यास फिरवणारा जोर उरत नाही, आणि तो स्थिरावतो. समांतर होण्याची आणखी एक स्थिती आहे, चोच मागे व शेपूट पुढे अशी. परंतु ती टोकावर उभ्या केलेल्या काठीसारखी असते, अणुमात्र ढळली की संपली. निसर्गाने वातकुक्कुटास वाऱ्याला पाठ देण्याची मुभा दिलेली आहे, पण त्या पवित्र्यात टिकून राहण्याची दिलेली नाही.

शेपटीचा पत्रा एकच असला तर जोराच्या वाऱ्यात ती लंबकासारखी इकडून तिकडे झुलत राहते. म्हणून दोन पत्रे पुढे जुळवून मागे किंचित फाकवतात, आणि बैरागढला मी पाहिलेले ते दोन पत्रे याचसाठी होते. खिळ्यास तेल नसेल तर मंद वाऱ्याची झुळूक त्यास हलवू शकत नाही आणि तो काल दुपारचा वारा आज सकाळीही दाखवीत उभा राहतो. यंत्रांतही असे जुने मत धरून बसणारे असतातच. घराच्या कौलावर किंवा झाडाच्या आडोशाला बसवलेला कुक्कुट वाऱ्याची नव्हे, तर कौलावरून उसळलेल्या भोवऱ्याची साक्ष देतो. यास्तव मोकळ्या मैदानात, जमिनीपासून दहा मीटर उंच, आणि जवळचा अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दसपट अंतरावर राहील अशा ठिकाणी त्याची स्थापना करावी, असा वेधशाळांचा दंडक आहे. खालच्या दांड्यांची उत्तर होकायंत्राची नव्हे, ध्रुवाची असली पाहिजे, हेही त्यात आले.

आपल्या देशात वाऱ्याची दिशा कोंबड्याने नव्हे, ध्वजाने दाखवली. देवळाच्या कळसाजवळचा ध्वज, गडावरचे निशाण, तारवाच्या डोलकाठीवरची चिंधी, खळ्यावर उंच तिवईवर उभे राहून धान्य उफणणाऱ्या कुणब्याने मुठीतून सोडून पाहिलेला भुसा, ही आपली वातदर्शक यंत्रे. आणि त्यांत व वातकुक्कुटात एक सूक्ष्म भेद आहे. ध्वजाचे मोकळे टोक वारा जातो तिकडे धावते. तो वाऱ्याचे गंतव्य सांगतो आणि कुक्कुट वाऱ्याचा उगम सांगतो. ज्ञान एकच, पण पाहणाऱ्याची नजर ज्या बाजूस खेचली जाते ती बाजू भिन्न. आपली भाषा मात्र या बाबतीत कुक्कुटाच्या पक्षाची आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारे. खारे वारे म्हणजे खाऱ्या पाण्यावरून येणारे. पूर्वेचा वारा म्हणजे पूर्वेला जाणारा असे खेड्यातले पोरही समजत नाही. माणसाची ओळख त्याच्या गावावरून विचारावी तशी आपण वाऱ्याची विचारतो. आणि आठ दिशांपैकी ज्या एका दिशेस आपण खुद्द वायूचेच नाव देऊन ठेवले, ती वायव्य. त्या कोपऱ्याचा दिक्पाल वायू.

भोपाळचे मोठे तळे ज्याच्या नावाशी निगडित आहे तो भोज राजा यंत्रांचा रसिक होता. त्याच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रविधानाचा स्वतंत्र अध्याय आहे. परंतु भोजपूरला त्याने आरंभलेल्या शिवालयाचे शिखर पूर्ण झालेच नाही. ते झाले असते तर त्यावर ध्वज चढला असता आणि बेतवेच्या काठी नऊशेहून अधिक वर्षे वाऱ्याची नोंद, कागदाशिवाय, चालू राहिली असती, असा एक रिकामा विचार तेथे गेले की मनात येऊन जातो.

पाश्चात्त्यांच्या इतिहासात या यंत्राचे घराणे बरेच वरपर्यंत पोचते. अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेजवळ संगमरवराचा एक अष्टकोनी मनोरा अद्याप उभा आहे. किऱ्हसच्या अँड्रोनिकसने तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास बांधला असे मानतात. त्याच्या आठ बाजूंवर आठ वाऱ्यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, आणि माथ्यावर ट्रायटन या जलदेवतेची फिरती कांस्यमूर्ती होती; वाहत्या वाऱ्याकडे तिचे तोंड असे आणि हातातली काठी त्या वाऱ्याच्या प्रतिमेवर रोखलेली असे, असे वर्णन व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने करून ठेवले आहे. त्या आठांतील बहुतेकांच्या हाती काही ना काही आहे: कोणाच्या पदरात फळे, कोणाच्या हाती पाण्याची घागर. वायव्येचा वारा, ज्याला ते स्किरॉन म्हणत, हातातले पात्र उपडे करून आतला ऐवज खाली ओतताना दाखवला आहे. वाचकांनी ही मूर्ती स्मरणात ठेवावी.

चीनमध्ये याच सुमारास किंवा त्याही आधी वारा दाखवणारा पक्षी होता, पण तो कावळा. कोंबडा आला तो ख्रिस्ती देवळांवर. येशूला आपण ओळखत नाही असे पीटर तीन वेळा म्हणाला आणि मग कोंबडा आरवला, या बायबलातील कथेची आठवण म्हणून त्यास शिखरावर चढवले, आणि नवव्या शतकातील पहिला निकोलस या पोपने तसे फर्मान काढले, अशी परंपरा सांगते. त्याच शतकातला, बिशप राम्पेर्तोच्या नावाने ओळखला जाणारा कोंबडा इटलीतील ब्रेशा येथील संग्रहालयात आजही आहे. म्हणजे माणसाने आपला शब्द फिरवला याची साक्ष देण्यासाठी ज्याची नेमणूक झाली, त्यालाच पुढे शब्द फिरवणाऱ्याचे प्रतीक ठरवण्यात आले. साक्षीदारास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हा प्रकार न्यायालयात चालला नसता, भाषेत चालला.

आपल्याकडे या साधनाने दफ्तरात प्रवेश केला तो कंपनी सरकारच्या अमदानीत. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. आणि या खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले, त्याची खूण म्हणून शिवाजीनगरच्या चौकास पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. देशभरच्या वेधशाळांत सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच या ठरलेल्या वेळांस कोणी तरी अंगणात जाऊन त्या बाणाकडे पाहतो आणि नोंदवहीत आकडा भरतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अंश मोजायचे: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, आणि उत्तर शून्य नव्हे तर ३६०. शून्य राखून ठेवले आहे ते वारा मुळीच नसेल तेव्हासाठी. वारा नाही हीही एक बातमी आहे, ती रकाना कोरा सोडून कळवायची नाही, हा या खात्याचा जाबता मला फार आवडतो. अशा हजारो नोंदींतून एखाद्या गावाचा वर्षभराचा स्वभाव तयार होतो. भोपाळचा ढोबळ स्वभाव असा की, पावसाळ्यात येथे नैर्ऋत्येचा व पश्चिमेचा वारा मोठ्या तळ्यावरून शहरात शिरतो, उन्हाळ्यात पश्चिमेकडून लू येते, आणि हिवाळ्याच्या रात्री उत्तरेच्या अंगाने अगदी हलकी, अंगावर शहारा आणण्याइतपतच झुळूक वाहते.

अशाच एका रात्री, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यान, शहराच्या उत्तरेस काली परेड मैदानावर उभ्या असलेल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतले मिथिल आयसोसायनेट तापून उसळले, आणि सुमारे चाळीस टन विषारी वायू मध्यरात्रीनंतर बाहेर पडला. हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. हिवाळ्यात जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते, आणि वरच्या उबदार हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा राहतो. त्यामुळे तो वायू वर विरून गेला नाही, जमिनीलगत, उंबऱ्याच्या उंचीने पसरत राहिला. त्यास वाट दाखवली त्या मंद वाऱ्याने, आणि तो वारा वायव्य-उत्तरेकडून आग्नेय-दक्षिणेकडे, म्हणजे नेमका वस्तीच्या, रेल्वे स्थानकाच्या आणि जुन्या शहराच्या अंगावर चालला होता. अथेन्सच्या मनोऱ्यावरील तो वायव्येचा वारा आणि त्याच्या हातातले उपडे केलेले पात्र, ही मूर्ती त्यानंतर मला निव्वळ शिल्प म्हणून पाहता आली नाही.

जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड येथील माणसे मिरच्या जाळल्यासारख्या ठसक्याने जागी झाली, आणि ज्या दिशेने शेजारी धावत होता त्या दिशेने धावली. ती दिशा कोणती, तर कारखान्यापासून दूर. आणि कारखान्यापासून दूर म्हणजे त्या रात्री वाऱ्याबरोबर. वाऱ्याला पाठ देऊन माणूस धावतो तेव्हा त्याच्या पाठीशी विषाचा ढगही धावतो, आणि धावणाऱ्याचा श्वास मोठा असल्यामुळे ते विष अधिक खोल जाते. कारखान्यातील कामगारांना वाऱ्याच्या विरुद्ध जावे हे ठाऊक होते. ते तसे गेले आणि त्यांतले बहुतेक जगले. भिंतीच्या पलीकडच्या वस्तीला हे कोणी कधी सांगितले नव्हते. नाकातोंडावर ओले फडके धरावे, ढगाच्या वाटेतून आडवे निघून जावे, एवढी दोन वाक्येसुद्धा नव्हती. सरकारी दफ्तरात प्रारंभी २,२५९ मृत्यूंची नोंद झाली. पुढे राज्य शासनाने ३,७८७ हा आकडा मान्य केला. आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे नंतरच्या महिन्यांत व वर्षांत झिजून गेली. शहराच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वायुपीडित म्हणून जाहीर झाले. ती सीमारेषा आखण्यास अधिकारी बसले असतील, पण मुळात ती आखली वाऱ्याने. आमची वस्ती तात्या टोपे नगरात, तळ्यांच्या अलीकडे, आम्ही बचावलो. त्यात आमचे शहाणपण काडीचे नव्हते. वारा आमच्याकडे आला नाही, इतकेच.

कोणी असे समजू नये की, प्रत्येक छपरावर एक पत्र्याचा कोंबडा असता तर भोपाळ वाचले असते. झोपेत असलेल्यास दिशा कळून उपयोग नसतो, कारखान्याच्या भिंतीला टेकलेल्या झोपडीस पळायला अवधीही नव्हता, आणि जे विष साठवायलाच नको होते त्याची जबाबदारी वाऱ्यावर ढकलणे हा तर निव्वळ निलाजरेपणा होईल. माझे म्हणणे मर्यादित आहे. धोका कोठून येतो हे पाहण्याची सवय व धोक्यापासून दूर पळण्याची सवय या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली नसेल तर दुसरी घात करते, हे या शहराइतके महाग मोल देऊन दुसऱ्या कोणी क्वचितच शिकले असेल. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने १९८२ सालीच ‘रपट’ या लहानशा साप्ताहिकातून त्या कारखान्याविषयी लेखामागून लेख लिहून शहरास इशारा दिला होता. सारे जिकडे पाठ करून होते तिकडे तोंड करून तो उभा होता. वातकुक्कुट या शब्दाला गौरवाचा अर्थ द्यायचा असेल तर तो अशा माणसाला लावावा. खुर्चीच्या ओढीने फिरणाऱ्यांसाठी आपल्या भाषेत दुसरे शब्द मुबलक आहेत.

माझ्या अशिलाच्या मर्यादाही मी लपवीत नाही. तो वाऱ्याचा वेग सांगत नाही. त्यासाठी रॉबिन्सनने १८४६ साली प्रथम बसवलेल्या फिरत्या वाट्या लागतात. वाऱ्याने काय वाहून आणले, पाऊस, धूळ की विष, याची त्यास वार्ता नसते. उद्या काय होईल हे तो सांगत नाही, आणि विचारले तरी सांगणार नाही. त्याला एकच प्रश्न समजतो व त्याचे तो एकच उत्तर देतो. पुढचे अनुमान पाहणाऱ्याने करायचे. पुस्तकाची प्रकरणेही त्याच क्रमाने लावली आहेत: आधी यंत्रे व त्यांची घडण, मग नोंदी ठेवण्याची रीत, मग मोसमी वाऱ्यांचा संचार, आणि शेवटी विमानतळांवर व रासायनिक कारखान्यांत लावलेल्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी पिशवीविषयी एक प्रकरण. ती पिशवी फुगून लोंबते ती ध्वजासारखी, वारा जातो तिकडे. म्हणून संकटकाळी तिच्या शेपटीमागे न जाता, आधी ढगाच्या वाटेतून आडवे निघून, मग तिच्या उघड्या तोंडाच्या बाजूस जावे, हे प्रत्येक मोहल्ल्यातल्या पोरासोरांना पाठ असावे, अशी माझी इच्छा आहे. हे प्रकरण मी शेवटी ठेवले असले तरी भोपाळकर वाचकाने ते प्रथम वाचले तर माझी हरकत नाही.

कैफियतीच्या शेवटी मागणी लिहिण्याचा शिरस्ता आहे. माझ्या अशिलाची मागणी माफीची नाही, कारण त्याच्यावरील आरोप त्याच्या कानापर्यंत गेलेलाच नाही. सन्मानाचीही नाही, कारण उंच जागा त्याला आधीच मिळालेली आहे. खिळ्याला वेळच्या वेळी तेल मिळावे, आणि खालून जाणाऱ्यांपैकी एखाद्याने तरी मधूनमधून मान वर करून पाहावे, एवढेच त्याचे मागणे आहे.

भोपाळ